काल काय झालं?

चवीला दिलेला मणी नेहमी गोडच निघतो, म्हणून मी तो कधी घेत नाही. गाडीवाला घडाच्या खांद्यावरचा, उन्हाने पिवळसर झालेला मणी खुडतो आणि पुढे करतो. मी म्हणते, शेपटाचा दे. घडाचं शेपूट सगळ्यात शेवटी पिकतं. तिथे गोडी उतरली असेल तरच बाकीच्या घडावर विश्वास ठेवायचा. परवा इंदिरानगरच्या चौकात मी असंच म्हटलं आणि गाडीवाल्याचं तोंड आंबट झालं. आमचे हे मागून म्हणाले, "अगं, अर्धा किलो द्राक्षं घेतेयस, जमीन नाही. आता त्याच्याकडे सातबारा मागू नकोस."

शेपटाचा मणी गोड निघाला. तरी मी वरचे दोन घड उचलून खालचे पाहून घेतले.

पुन्हा हंगाम आला आहे. चौकाचौकात गाड्या लागल्या आहेत, महामार्गावर क्रेट भरलेले टेम्पो जाळी बांधून पळताहेत, आणि दुपारी जरा ढग आले की अख्खं नाशिक मान वर करून बघतं. ज्याची गुंठाभरही बाग नाही तोही बघतो. या दिवसांत आभाळाकडे संशयाने पाहणं हा आमच्या जिल्ह्याचा स्वभाव आहे, त्यामुळे मी इथे सुखाने राहते. घरी येऊन द्राक्षं धुवायला घेतली. मण्यांवरची ती पांढरट झाक बोटांना लागली, आणि ओझरच्या पुढची ती जेवणाची शेड नाकात शिरली. गंधकाचा उग्र वास, ओल्या खोक्यांचा वास, आणि चार-पाच तास गारठ्यात उभं राहून आलेल्या बायकांच्या डब्यांतल्या ठेच्याचा वास.

मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. जन्मभर कॉप्या पकडल्या, त्यामुळे माणूस गोड बोलायला लागला की माझं लक्ष त्याच्या हाताकडे जातं. 'माझा जिवलग मित्र' हा निबंध दरवर्षी असायचा. अख्ख्या वर्गाचा जिवलग मित्र एकच. त्याचे वडील डॉक्टर, त्याला फुटबॉल आवडतो, तो रोज देवाची प्रार्थना करतो. आमच्या शाळेत ना फुटबॉल होता ना कुणाचे वडील डॉक्टर होते. शेवटी एकदा मी गाईडं गोळा करून कपाटात कोंडली आणि फळ्यावर लिहिलं, काल काय झालं?

तिथून माझी ती पद्धत सुरू झाली. प्रत्येकाने कालची एक खरी गोष्ट आणायची. लहानशी, पण स्वतःची. आधी मराठीत सांगायची, मग सगळ्यांनी मिळून ती एकेक वाक्य करत इंग्रजीत ओढून न्यायची. शब्द अडला की मी द्यायचा. ज्याच्या घरची सायकल चोरीला गेली तो पोरगा 'लॉक' हा शब्द मरेपर्यंत विसरणार नाही. शेजारणीने नेलेला मिक्सर परत आला नाही, त्या मिक्सरवर मी एका पोरीला उसनं देणं आणि उसनं घेणं यांची दोन्ही क्रियापदं शिकवली, तीही एका तासात. भूतकाळ शिकवायला भूतकाळ असावा लागतो, आणि तो प्रत्येकाकडे असतो. पुस्तकातल्या रामूकडे तो नसतो.

मी निवृत्त झाल्यावर त्या थंडीत नानांचा फोन आला. नाना म्हणजे एका पॅकहाऊसचे मालक. शेतकऱ्यांची द्राक्षं त्यांच्याकडे येतात, बायका टेबलाशी उभ्या राहून कात्रीने घड साफ करतात, पारदर्शक डब्यांत भरतात आणि ती द्राक्षं समुद्रापार जातात. मिठ्ठास माणूस. म्हणाले, "मॅडम, तिकडच्या कंपनीची बाई येते तपासायला. ती आमच्या बायांशी एकटीनं बोलते. आमच्या बाया तोंडच उघडत नाहीत. मग ती म्हणते, यांच्यावर दबाव आहे. आता गप्प बसण्याला मी काय करू? तुम्ही जरा बोलतं करा त्यांना. काम सुटल्यावर एक तास."

वर असंही म्हणाले, की जी बाई स्वतःच्या तोंडाने त्या तपासणीस बाईशी बोलेल, तिला ते टेबलांची मुख्य करतील, आणि मुख्य बाईला बारा महिने काम असेल. हे सगळं ऐकताना मी फोनवर 'हो, हो' म्हणत होते आणि मनात म्हणत होते, हा माणूस यांना बोलायला शिकवतोय की काय बोलायचं ते शिकवतोय?

पण बारा महिन्यांचं काम ही गोष्ट तिथल्या बायकांसाठी केवढी मोठी होती, ते मला पहिल्याच दिवशी दिसलं. द्राक्षाचा हंगाम सरला की त्या कांदे काढायला जातात. एप्रिलच्या उन्हात, वाकून, डोक्यावर ओला टॉवेल टाकून. इथे गारठा होता, पण सावली होती. ती बातमी ऐकून सगळ्या जणींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांनी वैशालीकडे पाहिलं. वैशाली दहावी झालेली होती. अंगाने बारीक, डोक्यावरची जाळीची टोपी काढायला नेहमी विसरणारी. जेवणाच्या शेडमध्ये फळा खोक्यांना टेकवून मी पहिला शब्द लिहिला तेव्हा ओठ हलवून वाचणारी ती एकटीच होती.

"काल काय झालं?" मी विचारलं.

पहिल्या बाईने सांगितलं, काल तिची गाय व्याली. छान गोष्ट होती. आम्ही गाय, वासरू, चीक, रात्रभर जागणं, सगळं इंग्रजीत केलं. दुसरी उठली. तिचीही गाय व्याली होती. तिसरीच्या घरी म्हैस होती, पण तीही कालच व्याली. पाचवीपर्यंत आल्यावर मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, "गावात वासरांचा भलताच सुकाळ दिसतोय."

कुणी हसलं नाही. इतकी वर्षं कॉप्या पकडून माझा हात तयार होता. यांनी गावाहून येणाऱ्या गाडीत बसल्या बसल्या एक गोष्ट ठरवली होती आणि सगळ्यांनी तीच वाटून घेतली होती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी बाजारात जाऊन मेथी आणली. तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या घरी पाहुणे आले.

शेवटी एक जाडजूड बाई, जिच्या आवाजाला बाकीच्या मान देत, ती उठली. "मॅडम, राग मानू नका. पन आमच्या घरचं तुमाला कशाला पायजे? नाना फुकट शिकवत्यात, वर गोष्टी सांगा म्हनत्यात. त्या गोष्टी जात्यात कुठं?"

मला त्या बाईची दृष्ट काढावीशी वाटली. कारण हाच प्रश्न मला नानांबद्दल पडला होता. आता कुणी म्हणेल, गोष्टींतून भाषा शिकवणं किती मोकळं, किती आनंदाचं. असतंही. पण 'काल काय झालं, कुठे होतीस, बरोबर कोण होतं, मग तू काय केलंस' हेच प्रश्न पोलीस ठाण्यातही विचारतात. परवाच भाचीने फोनवर इंग्रजी शिकवणारं एक ॲप दाखवलं. ते रोज संध्याकाळी लाडाने विचारतं, तुझा दिवस कसा गेला. मी फोन पालथा घालून ठेवला. जो आपल्याला फुकटात आपला दिवस विचारतो, त्याच्या पाठीमागे कोण कान लावून बसलंय ते आधी बघावं, हे मी त्या शेडमध्ये शिकले.

मी नानांकडे गेले आणि सांगितलं, वर्ग चालू असताना शेडचं दार बंद राहील. तुम्ही नाही, तुमचा मॅनेजर नाही, तुमचा कॅमेरा असेल तर त्यावर फडकं. नाना खो खो हसले. "मॅडम, तुम्ही आमच्या बायांपेक्षा भारी निघालात." पण कॅमेऱ्यावर फडकं पडलं. ते मी स्वतः खुर्चीवर चढून बघून आले.

त्यानंतर खऱ्या गोष्टी यायला लागल्या. एकीने नळावरचं भांडण आणलं आणि सगळ्या वर्गाला ढकलणं, घुसणं, बादली आणि रांग हे शब्द मिळाले. रांगेच्या 'क्यू'चं स्पेलिंग पाहून त्या म्हणाल्या, एवढी अक्षरं कशाला, नुसतीच उभी आहेत मागे. एकीच्या नवऱ्याने दाढी करताना अर्धी मिशी उडवली होती, ती मिशी आम्ही आठवडाभर पुरवून खाल्ली. वैशालीच्या गोष्टी सगळ्यात चांगल्या. तिच्या गोष्टींत रंग असायचा, वास असायचा. एसटीच्या खिडकीत अडकलेली कोंबडी, शाळेसमोर घसरून पडलेले मास्तर. ती बोलायची आणि मला वाटायचं, आता हिला कुणी थांबवू नये.

थांबवणारी मात्र दारातच बसलेली होती. हौसाबाई, वैशालीची सासू. त्याच टेबलावर सुनेच्या समोर उभी राहून दिवसभर घड साफ करायची, आणि वर्ग सुरू झाला की एक क्रेट पालथं घालून दाराशी बसायची, फळ्याकडे पाठ करून. पहिल्या दिवशी मी तिला पुढे बोलावलं तर म्हणाली, "मला काय करायचंय तुमचं इंग्लिश? सून एकली कशी सोडू, म्हनून बसले." पण कान सुनेकडे. वैशालीचं वाक्य पुरं झालं की शेजारच्या बाईला कोपर मारून विचारायची, "काय म्हनली ती?" शेजारीण सांगायची, "कोंबडी उडाली म्हनली." मग हौसाबाई मान हलवायची, तपासनाक्यावर गाडी सोडावी तशी. पुढे पुढे तिने कोपर मारणं बंद केलं. मला वाटलं, कंटाळली.

एकदा घरातल्या माणसांबद्दल बोलायचं होतं. वैशाली उभी राहिली आणि म्हणाली, तिचा नवरा वापीला असतो, कंपनीत काम करतो, त्याला खूप काम असतं. वाक्यं बिनचूक होती. आणि माझे कान उभे राहिले. ज्या पोरीच्या कोंबडीला रंग होता, तिच्या नवऱ्याला काहीच नव्हतं. ना शर्ट, ना सवय, ना आवाज. ते निबंधातल्या जिवलग मित्रासारखं वाटलं मला. मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "मागच्या वेळी आला तेव्हा काय आणलं त्याने तुला?"

सगळ्या बायका आपापल्या हातांकडे बघायला लागल्या. दारातून हौसाबाई उठली. "मॅडम, टायम झाला. गाडी उभी हाय."

टाइम झालेला नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी वैशाली वर्गाला नव्हती.

मी सरळ टेबलापाशी गेले. लांबच लांब स्टीलची टेबलं, वर ट्यूबलाइट, पांढऱ्या टोप्या, आणि कात्र्यांची बारीक कटकट. वैशाली मान खाली घालून किडके मणी काढत होती. मी हौसाबाईला विचारलं, "वैशाली का नाही आली?"

"डोकं दुखतंय तिचं."

"मला तर दुखताना दिसत नाही."

हौसाबाईने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, एक इचारू का? तुमी शिकवायला येता का चवकशीला?"

"हौसाबाई, तिला बारा महिन्यांचं काम लागू शकतं. तपासणीस बाई येईल तेव्हा बोलेल अशी ती एकटीच आहे. तुम्हाला नकोय का ते?"

"मला नको आसंल व्हय?" तिची कात्री थांबली. "गेल्या साली कांद्यात चक्कर येऊन पडली ती. मीच उचलून आनली. पन बोलायला शिकली म्हंजे समदंच बोलनार. मंग?"

"मग काय?"

"मंग काय ते तुमाला नाय कळायचं." तिने पुढचा घड उचलला आणि म्हणाली, "घरातलं सोडून इचारा. टेबलावरचं इचारा, गाडीतलं इचारा. उंबऱ्याच्या आत यायचं नाय. तर पाठवते."

मी कबूल केलं. वैशाली परत आली. पण मी कबूल केलं ते तोंडाने. मनाने त्या उंबऱ्यावरच ठाण मांडलं. मुलगा वापीत दुसरं घर करून बसला असेल, ही पहिली शंका. तुरुंगात असेल, ही दुसरी. आणि सगळ्यात वाईट शंका अशी, की म्हातारीला सगळं ठाऊक आहे आणि ती सुनेला आशेवर ठेवते आहे, कारण सून गेली तर घर चालवणार कोण? या शेवटच्या शंकेवर माझा जीव जडला होता, हे मान्य करायला हवं. हौसाबाई दाराशी पाठ करून बसायची आणि मी शिकवता शिकवता त्या पाठीकडे रागाने बघायचे.

मार्च उजाडला. दुपारी शेडचे पत्रे तापायला लागले. एक दिवस गाडीला उशीर होता म्हणून वैशाली माझ्याबरोबर महामार्गापर्यंत चालत आली. दोन्ही बाजूंना बागा. काढणी झालेल्या बागेत एक गंमत असते, पानं तशीच दाट असतात आणि आत वाकून पाहिलं तर काही नसतं. ती आपण होऊन म्हणाली, "मॅडम, ते वापीला हायेत असं आम्ही सांगतो. खरं मला ठाऊक नाय."

"म्हणजे?"

"मी पाण्याला गेले होते. आले तर नव्हते. आत्या म्हणल्या, कंपनीत लागलाय, घाईनं बोलावलं. तवापासून फोन नाय, काय नाय. दोन दिवाळ्या गेल्या."

"आत्यांना विचारलंस कधी?"

"त्यांना कसं इचारायचं, मॅडम? त्यांचं पोरगं गेलंय." मग चपलेतला खडा काढायला वाकली आणि खालीच बघत म्हणाली, "मला वाटतं माझ्यामुळंच गेले. माझंच काय तरी चुकलं आसंल."

"तुझ्याशी बरा वागायचा?"

ती समोरून जाणाऱ्या टेम्पोकडे बघत राहिली. "सगळ्यांचे आसत्यात तसेच," म्हणाली.

मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. बसमध्ये बसून नाशिकपर्यंत मी त्या म्हातारीला मनातल्या मनात बोल बोल बोलले. सुनेला एवढं सांगायला काय जातं हिचं? एका घरात दोन बायका, एक चूल, दिवसभर एका टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर उभ्या. आणि एवढी गोष्ट दोघींच्या मध्ये पडून, कुणी उचलत नाही. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तू मध्ये पडू नकोस." मी म्हटलं, मी पडत नाहीये, मी फक्त संशय घेतेय.

तपासणीस बाई आली तो दिवस ढगाळ होता. नाना सकाळपासून एकदा आभाळाकडे आणि एकदा फाटकाकडे बघत होते. मलाही बोलावलं होतं. शोभेला, असा माझा अंदाज. बाई उंच होती, तिला टोपी लहान पडत होती, आणि तिची नजर पाहून मला लगेच आपलेपणा वाटला. कारण ती प्रत्येक गोष्ट दोनदा बघत होती. मॅनेजर दुभाष्या म्हणून पुढे झाला, तर तिने हाताने त्याला मागे सारलं. नानांनाही. मी भिंतीला लागून उभी होते, मला तिने काही म्हटलं नाही. मी कोण ते तिला माहीतच नव्हतं.

ती वैशालीच्या टेबलाशी थांबली. किती वेळ काम, मधे सुट्टी किती, पाणी कुठे, हातमोजे कोण देतं. वैशाली सुरुवातीला अडखळली, मग लागली. गोडी मोजायचं यंत्र हातात घेऊन तिने एक मणी चिरडला, थेंब काचेवर टाकला आणि कसं बघायचं ते त्या बाईला दाखवलं. शिवाय, मी न शिकवलेली गोष्टही सांगितली, की दुपारनंतर मोऱ्यांना पाणी नसतं. मी नानांकडे पाहिलं. नाना लांब उभे होते, त्यांना ऐकू गेलं नाही. नळाच्या भांडणातले सगळे शब्द तिने मोऱ्यांच्या कामाला लावले होते. मला अभिमान वाटला. त्या टेबलावरचं काम तिचंच आहे, हे त्या क्षणी तिथल्या प्रत्येकीला कळलं.

बाई हसली. तपासणी संपल्यासारखी तिने पाटी काखेत मारली आणि आपलं सहज, माणुसकीने विचारलं, घरी कोण कोण आहे? नवरा काय करतो?

मला ते वाक्य पाठ होतं. वैशालीलाही होतं. "माय हजबंड इज इन वापी," ती म्हणाली, आणि थांबली. मला वाटलं, पुढचे शब्द विसरली. मग तिने हातातली कात्री खाली ठेवली.

"नो," ती म्हणाली. "आय डोन्ट नो. ही वेन्ट. आय डोन्ट नो व्हेअर. आय डोन्ट नो व्हाय."

परक्या बाईला, परक्या भाषेत, जी उद्या विमानात बसून निघून जाणार. मला समजलं ती असं का बोलली ते. पण समोर हौसाबाई उभी होती. आता ही टायम झाला म्हणणार, हिला हाताला धरून नेणार, आणि बारा महिन्यांचं काम गेलं कांद्यात. हौसाबाईने मान वर केली नाही. तिची कात्री चालूच होती, एक मणी, दुसरा मणी.

"आय नो," ती म्हणाली.

तो आवाज कुणाचा, हे कळायला मला वेळ लागला. टेबलावरच्या सगळ्या कात्र्या बंद पडल्या. संबंध हंगामभर फळ्याकडे पाठ करून बसलेली ती म्हातारी. मी जिला कंटाळली समजले होते, ती कोपर मारायची थांबली कारण तिला त्याची गरजच उरली नव्हती.

"आय टोल्ड हिम, गो," हौसाबाई म्हणाली. तपासणीस बाईकडे बघून नाही. कुणाकडेच बघून नाही. "माय सन. आय टोल्ड. गो. डोन्ट कम."

वैशालीचा चेहरा मी अजून विसरले नाही. राग नव्हता त्यावर, रडूही नव्हतं. फळ्यावर नवा शब्द लिहिला की ती जसं बघायची तसं बघत होती. आणि तिने विचारलं, मराठीत नाही, "व्हाय?"

हौसाबाईने आता मान वर केली.

"यू क्राय," ती म्हणाली. "व्हेन ही हिअर, एव्हरी नाइट, यू क्राय."

तपासणीस बाई एकीकडून दुसरीकडे बघत होती. या दोघींचं एकमेकींशी काय नातं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. लांबून नाना माझ्याकडे सरकले आणि आनंदाने कानात म्हणाले, "बघा मॅडम, म्हातारी पण कशी फाडफाड बोलायला लागली!" मला दिसत नव्हतं नीट.

वैशाली मुख्य झाली. पुढच्या हंगामात नानांनी मला बोलावलं नाही, कारण वर्ग आता तीच घेते, दार लावून. याही वर्षी घेते आहे. मोऱ्यांना पाणी आलं असंही तिने फोनवर सांगितलं, ते मी अर्धंच खरं धरलं. नवऱ्याचं मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मात्र तिच्या मागून हौसाबाईचा आवाज येत होता, भांडी जोरात आपटत कुणाला तरी बोलत होती, आणि वैशाली हसत होती. त्या दिवशी घरी गेल्यावर, किंवा त्यानंतर आजपर्यंत कधीही, त्या दोघी त्या गोष्टीवर मराठीत एक अक्षर बोलल्या नसणार, असा माझा दाट संशय आहे.